कॅनिस्टर फिल्टर खडखडतोय, तेलाचे दोन थेंब सोडू का?

तुम्ही विचारलंय की माशांच्या चार फुटी टाकीचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, दोन वर्षांनी अचानक खडखडायला लागलाय. दुकानदार म्हणतो मोटार गेली, नवा घ्या. मित्र म्हणतो तेलाचे दोन थेंब सोड, गप होईल. कुणाचं ऐकू?

दोघांचंही ऐकू नका. तेलाचं तर अजिबात नको. मी सांगलीत गावभागात राहतो, टाकी ठेवायला लागून 14 वर्षं झाली, आणि याच "दोन थेंबां"नी माझे सहा एंजल मासे गेले आहेत. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

2018 ची दिवाळी. माझी टाकी चार बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटरची, दुसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये. सहा एंजल होते. आणले तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे, चार वर्षांत तळहाताएवढे झालेले. त्यातली एक जोडी अमेझॉन सोर्डच्या पानावर अंडी घालायची आणि दोघं आळीपाळीने पंखाने वारा घालत राखण करायची. शिवाय दोन पर्ल गुरामी आणि वीसेक टेट्रा.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा कॅनिस्टरही मोरीवर नेला. स्पंज पिळले, सिरॅमिक रिंग नळाखाली धुतल्या (हे चुकलंच, त्यावर येतो), इम्पेलर (आतला पाणी ढकलणारा छोटा पंखा) काढून टूथब्रशने घासला आणि सगळं परत जोडलं. चालू केला तशी बारीक टकटक ऐकू आली. दोन दिवसांत ती वाढून डब्यात खडे घालून हलवल्यासारखी खडखड झाली. घरात फराळाची गडबड, पाहुण्यांची ये-जा. म्हटलं, दिवाळी झाली की बघू.

भाऊबीजेला ताई आणि दाजी विट्याहून आले. दाजींचे यंत्रमाग आहेत. मागाच्या शेडमध्ये जे कधी उभे राहिलेत त्यांना ठाऊक असेल, शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. दाजी त्या शेडला लागून असलेल्या खोलीत लहानपणापासून गाढ झोपत आलेत. आवाजाने त्यांची झोप मोडत नाही. पण एखादा माग कोरडा पळायला लागला की झोपेतून उठून बसतात. कुठल्या मागाला कुठे तेल हवंय हे त्यांना अंथरुणातून कळतं. त्या कानाबद्दल मला आजही आदर आहे.

त्या रात्री त्यांचं अंथरूण हॉलमध्ये, टाकीच्या शेजारी घातलं. रात्री दोनच्या सुमारास ते उठले. आईच्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची कुपी काढली, फिल्टरची पिन काढली, दोन्ही कॉक बंद केले, मोटारीचं वरचं डोकं उतरवलं आणि इम्पेलरच्या भोकात, शाफ्टवर म्हणजे त्याच्या दांडीवर तेल सोडलं. परत बसवलं, हलवून नीट केलं, चालू केलं. खडखड थांबली. मग पाण्याची झुळझुळ उरली, तर स्प्रे बार, म्हणजे पाणी टाकीत परत सोडणारी भोकांची नळी, फिरवून भोकं पाण्याखाली केली. आता पूर्ण शांत. ते झोपले.

सकाळी सहाला आईने हाक मारली. सगळे मासे वर आलेले, तोंडं पृष्ठभागाला लावून धापा टाकत होते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग. दाजी उठून म्हणाले, "आरं, कोरडं पळत होतं ते. दोन थेंब सोडलं, बघ कसं गप पडलंय." दोन थेंब! कुपी मी आठवड्यापूर्वीच भरून आणली होती, सकाळी ती पाव रिकामी होती. मी वर्तमानपत्राची पानं पाण्यावर अलगद पसरून तवंग उचलला, निम्मं पाणी बदललं, शेजाऱ्यांकडून हवेचा पंप आणून लावला. दुपारपर्यंत चार एंजल गेले, संध्याकाळपर्यंत उरलेले दोन. टेट्रा निम्मे गेले. गुरामींना काहीच झालं नाही. ही गुरामींची गोष्ट लक्षात ठेवा.

घरात कुणी एक शब्द बोललं नाही. जावयाच्या तोंडाला कोण लागणार? वडील मला म्हणाले, "मासेच आहेत, वर्षाचा सण आहे, गप बस." मी गप बसलो. ताई जाताना माझ्याकडे न बघता गाडीत बसली. पुढे दाजींनी कुठेतरी वाचलं आणि फोनवर मला सांगितलं, "तेलानं न्हाई मेले ते. तू नळाखाली धुतलंस, त्यानं मेले." तेव्हाही मी हो ला हो केलं. त्यानंतर 2019 चा पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांच्या वर. आम्ही सगळे बारा दिवस विट्याला दाजींकडे होतो. आमच्या चारही माणसांचं त्यांनी मनापासून केलं. ते ऋण आहे आणि ते मी मानतो. पण इम्पेलरच्या बाबतीत त्यांचं चुकलंय, आणि ते आज मांडतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने रिंगवरचे, माशांची घाण पचवणारे जिवाणू मरतात, मग त्या घाणीतून अमोनिया आणि नायट्राइट वाढतं. हे खरं आहे. मी धुतलं पाच दिवस आधी, म्हणजे तारखाही त्यांच्या म्हणण्याला जुळतात. पण आदल्या संध्याकाळी सातला सगळे मासे काचेला येऊन खात होते. आणि अमोनियाने मेले असते तर गुरामी कसे वाचले? अमोनिया कल्ल्यांना जाळतो, गुरामींच्याही. नायट्राइट तर रक्तालाच ऑक्सिजन वाहू देत नाही. तिथे हवा कुठूनही घेतली तरी उपयोग नसतो. गुरामीकडे एंजलपेक्षा एकच गोष्ट जास्त असते. त्याला कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो, लॅबिरिंथ, त्याने तो पाण्यावर येऊन सरळ हवेतला ऑक्सिजन घेतो. म्हणजे त्या रात्री टाकीत कमी पडला तो पाण्यातला ऑक्सिजन. तो कशाने कमी पडला? वर तेलाचा तवंग, स्प्रे बार पाण्याखाली गेल्याने पृष्ठभाग निपचित, आणि अंधारात झाडंही ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात, त्यामुळे पहाटे तो मुळातच सगळ्यात कमी. तिन्ही एकत्र आलं. यावर दाजींकडे उत्तर असेल तर मला ऐकायचं आहे.

आणि तेलाने आवाज गेला, हेही अर्धंच खरं. डोकं बसवताना त्यांनी कॅनिस्टर हलवला, तेव्हा आत अडकलेली हवा निघाली. बरीचशी खडखड तिची होती. तेलाने शाफ्टची टकटक तेवढी दबली. तिसऱ्या दिवशी ती परत सुरू झाली. मी उघडून शांतपणे बघितलं तर शाफ्टच्या खालच्या टोकाचा रबरी बुश, म्हणजे दांडीला धरून ठेवणारी टोपी, जागेवर नव्हता. मिरीच्या दाण्याएवढी वस्तू. साफसफाईत मोरीवर पडून गेला होता. डिसेंबरात मोरीची जाळी काढली तेव्हा तिथे सापडला.

आता तुमच्या फिल्टरकडे येतो. या मोटारीला बॉल बेअरिंग नसतं, ब्रश नसतात. कॉइल रेझिनमध्ये बंद असते. फिरतो तो फक्त चुंबक लावलेला इम्पेलर, चिनीमातीसारख्या शाफ्टवर, आणि त्याला वंगण असतं पाण्याचंच. आपल्या 50 सायकलच्या लाइटवर असा इम्पेलर बहुतेक वेळा मिनिटाला 3000 च्या आसपास फेरे मारतो. इतक्या वेगात वाळूचा एक कण, गोगलगाईचं एक पिल्लू किंवा एक निसटलेला बुश एवढा गोंधळ घालायला पुरतो. म्हणून दुकानदाराने न उघडता "मोटार गेली" म्हटलं तर त्याला फक्त नवा विकायचा आहे, असं मी समजतो.

आधी आवाज कोणता ते ऐका. गुळगुळ, मधेच खळ्ळकन, मग शांत, परत गुळगुळ: ती हवा. चालू असतानाच कॅनिस्टर दोन्ही हातांनी सगळ्या बाजूंना हळूहळू कलता करा, परतीच्या पाइपातून बुडबुडे निघतील. रोज परत हवा भरत असेल तर ती कुठून येतेय ते शोधा. इनटेक, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड, पाण्याच्या पातळीजवळ आलाय का, हवेच्या पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड त्याच्या शेजारी आहे का, पाइपाची क्लिप ढिली आहे का. स्पंज गच्च भरले असतील तरी ओढ वाढून हवा खेचली जाते.

एकसारखी घूंऽऽ असेल तर फिल्टर जमिनीवरून दोन बोटं उचला. थांबली तर फिल्टर ठीक आहे, कपाटाची फळी घुमतेय. खाली जाड रबराचा तुकडा घाला, पाइप लाकडाला टेकू देऊ नका. फक्त लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घरघरत असेल तर ती बऱ्याचदा स्वस्त इन्व्हर्टरच्या लाइटची करणी असते.

खडखड किंवा टकटक असेल, तुमची तीच वाटते, तर इम्पेलर. काढा. शाफ्ट सरळ आहे का, मधे झिजून बारीक झालाय का, दोन्ही टोकांचे बुश आहेत का, पंख तुटलाय का बघा. ज्या भोकात इम्पेलर बसतो ते बाटलीच्या बारीक ब्रशने साफ करा, तिथला बुळबुळीत थर बोटाला लागतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर शाफ्टवर पांढरा कडक थर असेल. चाकूने खरवडू नका, शाफ्ट खडूसारखा तुटतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. पंख चुंबकावर थोडे मोकळे फिरतात, अर्धा फेरा वगैरे. तो दोष नाही. मोटार सुरू होताना चुंबकाला आधी सुटायला मिळावं म्हणून तो ढिलेपणा मुद्दाम दिलेला असतो. एका ओळखीच्याने तो फेव्हिक्विकने चिकटवला, मग मोटार जागेवरच थरथरत राहिली. झिजलेला असेल तर नुसता इम्पेलर आणि शाफ्टचा सेट मिळतो, त्यासाठी अख्खा फिल्टर बदलायची गरज नाही.

वंगण लावायचंच असेल तर ते ओ-रिंगला, म्हणजे डोक्याखालच्या रबरी कड्याला, तेही सिलिकॉन ग्रीस, बोटाने पातळ. व्हॅसलीन नको. माझी ओ-रिंग त्या मशीनच्या तेलाने फुगली आणि खोबणीत बसेनाशी झाली, शेवटी बदलावी लागली.

काही गोष्टी वरच सांगायला हव्या होत्या. उघडण्याआधी पिन काढा, फक्त बटण बंद करून भागत नाही. डोक्याला तडा दिसला, पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या किंवा इम्पेलर नवा घालूनही डोकं तापत असेल, तर मात्र दुकानदार बरोबर आहे, ते डोकं टाकून द्या. रिंग आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, नुसते हलवून धुवा, आणि सगळे एकाच दिवशी नको. इथे मी चुकलो होतो, दाजींचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे. स्प्रे बारची भोकं पाण्याच्या वर किंवा अगदी पातळीवर ठेवा, झुळझुळ झाली तरी चालेल.

लाइट बराच वेळ गेली असेल तर बंद कॅनिस्टर तसाच चालू करू नका. पुरानंतर आम्ही परतलो तेव्हा मी आधी तो गच्चीत नेऊन उघडला. आतून सडक्या अंड्यांचा वास आणि काळं पाणी निघालं. बंद डब्यात ऑक्सिजन संपला की आतले जिवाणू मरतात आणि ते सगळं पहिल्याच मिनिटाला टाकीत जातं. टाकीत तेव्हा ते दोन गुरामीच उरले होते. बारा दिवस फिल्टर नाही, खाणं नाही, दोघंही जिवंत होते.

आज रात्रीच उघडणार असाल तर इम्पेलर, शाफ्ट आणि दोन्ही बुश काढल्या काढल्या एका वाटीत ठेवा. आणि ती वाटी मोरीवर नको, ओट्यावर ठेवा.