कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या मराठी शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालोय. बऱ्याच पालकांचं हातावर पोट आहे. सुरुवात कुठून करू?

सर, अभिनंदन. मी याच भागात मुख्याध्यापिका होते, म्हणून हक्कानं सांगते. मुलांना वर्गात उभं करून पैसे मागणं पहिल्याच आठवड्यात बंद करा. सहलीचे असोत की परीक्षा फीचे. पैशाचं बोलणं पालकांशीच करा, तेही ऑफिसात, दार लोटून. चारचौघांत मान खाली घालावी लागली की पोर दुसऱ्या दिवशी शाळेकडे फिरकत नाही.

मग हजेरीपट घेऊन बसा आणि कोण कुठल्या वारी येत नाही ते बघा. आमच्याकडे सहावीतली एक मुलगी दर बुधवारी गैरहजर असायची. वर्गशिक्षक म्हणायचे, अभ्यासाचा कंटाळा. मी तिच्या घरी गेले तेव्हा कळलं, बुधवारी आई वळलेल्या बिड्या कारखान्यात द्यायला जाते. तिथं त्या मोजून, निवडून घेईपर्यंत दुपार होते आणि तोवर धाकट्याला हीच सांभाळते. तो तीन वर्षांचा झालेला. शाळेशेजारच्या अंगणवाडीत त्याचं नाव घातलं आणि पोरगी बुधवारीही यायला लागली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कागदपत्रांना द्या. योजना आहेत, पण नाडकचेरीतलं, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयातलं, कामकाज कन्नडमधून आणि आईला मराठीशिवाय काही येत नाही. उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, बिडी कामगाराचं ओळखपत्र यातलं एक जरी राहिलं तरी बिडी कामगारांच्या मुलांसाठी असलेली केंद्राची शिष्यवृत्ती हातची जाते. जूनमध्येच शाळेतल्या कन्नड शिक्षकांना सोबत घ्या, पालकांना बोलवा आणि अर्ज तिथंच भरून द्या. आठवीच्या मुलांना एनएमएमएसला, म्हणजे केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या परीक्षेला, बसवाच. पालकांचं वार्षिक उत्पन्न 3.5 लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. दाखल्यापायी हुशार पोर मागं राहिलेलं मला आजही बघवत नाही.

क्षीरभाग्य या राज्य सरकारच्या योजनेतून शाळेत मिळणारं दूध पहिल्या तासाआधी मिळतंय ना, ते स्वतः उभं राहून बघा. बरीच मुलं घरून काही न खाता येतात.

आणि बाकी राहिलेल्या पैशासाठी कुणाचा शाळा सोडल्याचा दाखला अडवू नका. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला रखडवला तर शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे मुख्याध्यापकावरच कारवाई होऊ शकते. कामासाठी गाव सोडणारं कुटुंब त्या कागदासाठी थांबत नाही. पोराचं नाव नव्या शाळेत पडतच नाही.