कळलं नाही, तर तसं म्हण

बाळ,

परवा सकाळी साडेनवाला तू आरपीडी क्रॉसला गाडी लावून उभा होतास. तुझी पाळी सातची. मी काही विचारलं नव्हतं, तूच म्हणालास, "काका, मला काही येत नाही हे त्यांना कळणारच. त्याआधी सोडतो." ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

अरे, त्यांना ते माहीत आहे की! डिप्लोमा करून आलेल्या पोराला काय येतं, हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणाला सांगावं लागत नाही. तुझं नेमकं कुठं अडलंय, तेवढं त्यांना दिसत नाही. ते तू सांगायचं. कळलं नाही, तर कळलं नाही म्हण.

सुपरवायझर कन्नड बोलतात, ड्रॉइंग इंग्रजीत, आणि तू मराठी शाळेतला. बरं मग? गणपत गल्लीत भाजी घेताना दोन्ही भाषांत घासाघीस करतोस. "तिळीलिल्ल्री, इन्नोम्मे हेळ्री", म्हणजे कळलं नाही, पुन्हा एकदा सांगा, एवढं म्हणायला कसलं व्याकरण लागतं? गोलावर फुली मारलेलं ते चिन्ह आठवडाभर छळतंय म्हणालास. भोकाचं केंद्र ठरल्या जागेपासून किती सरकलेलं चालेल, तेवढंच ते सांगतं. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि तू आठवडा घालवलास!

बरं, तुझ्यावर ओरडायला मी कोण? ऐक.

मी पॅटर्नशॉपमध्ये नवा होतो. ज्या नमुन्यावरून ओतकामाचा साचा घेतात, तो पॅटर्न. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागे 10 मिलिमीटर मोठा करतात. त्याची पट्टीच वेगळी असते, मापं आधीच वाढवलेली. हेल्परनं कपाटातून एक पट्टी आणून दिली. ही तीच का, अशी शंका आली होती मला. मिस्त्रींना विचारलं असतं तर एक शिवी हासडून त्यांनी सांगितलं असतं. त्या एका शिवीला भ्यालो. चाळीस कास्टिंग ओतून झाल्यावर मशीनशॉपमधून बोंब आली, मापं कमी भरतात, मशीनवर तासायला जास्तीचा धातूच नाही. पट्टी साधी निघाली. सगळं परत भट्टीत.

"पट्टी कुणी दिली?" मिस्त्रींनी विचारलं. हेल्परनं दिली, मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

खोटं नव्हतो बोललो. वडगावात वडिलांचा माग बंद पडलेला, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. माझी नोकरी गेली असती तर घरात काय शिजलं असतं? तू त्या जागी असतास तर... जाऊ दे. तुला पटवून मला काय मिळणार?

आत्मविश्वास आला की विचारेन, असंही म्हणालास. अडतीस वर्षांत मला तो एकदाही आला नाही. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला आला. कळलं नाही, तर कळलं नाही म्हण. हात थरथरले तरी म्हण, कन्नड चुकलं तरी म्हण. हसतील. दुपारी डबा खाताना विसरतील.

तो हेल्पर आता मच्छेत चहाचा गाडा चालवतो. महिन्यातून एकदा तरी मी तिथं जातो. पैसे घेत नाही, "साहेब" म्हणतो. ती पट्टी योग्य आहे का, ही शंका मला तेव्हाच आली होती, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी मोकळा असलास तर ये. मच्छेला जाऊन येऊ. गाडी तू चालव.

तुझा,
काका