‘वय अंदाजे’मधला ‘अंदाजे’ आधी वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ओहायोत सापडलेल्या एका अनोळखी स्त्रीच्या कवटीवरून काढलेलं रेखाचित्र आणि एका बेपत्ता बाईचा फोटो तुम्हाला हुबेहूब सारखे वाटताहेत. त्या बाईची बहीण तुम्हाला फेसबुकवर सापडली आहे आणि तिला आज रात्रीच मेसेज करावा का, असं तुम्ही विचारताय.

करू नका. कृपा करून करू नका.

माझा मामा 1984 साली साताऱ्याहून कामाला म्हणून गेला तो परत आला नाही. चारेक वर्षांनी गावातल्या एकानं घरी येऊन सांगितलं, पंढरपूरला अगदी तसाच माणूस पाहिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आजी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं गेली, पिशवीत मामाचा धुतलेला सदरा घेऊन. आठ दिवस ती चंद्रभागेच्या वाळवंटात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं पाहत होती. परत आल्यावर त्या सदऱ्याची घडी तिनं कुणाला मोडू दिली नाही. ‘तसाच दिसतो’ एवढ्या दोन शब्दांनी घरात काय होतं, ते मी पाहिलंय. तुम्ही ज्या बहिणीला लिहिणार आहात, तिला असे मेसेज आजवर किती आले असतील, याचा विचार करा.

आता रेखाचित्राबद्दल. कवटी चेहऱ्याची ठेवण सांगते: जबड्याची रुंदी, नाकाचं हाड, दात. ओठ जाड की पातळ, पापण्या कशा, कानाची पाळी, गाल भरलेले की बसलेले, केस कसे विंचरलेले, हे हाडांवर लिहिलेलं नसतं. ते चित्रकार जाणकारीनं भरतो. म्हणजे फोटोशी आपण जे जुळवतो, त्यातलं बरंचसं चित्रकाराच्या हातचं असतं. म्हणून चेहरा शेवटी बघायचा. आधी दात, जुनी मोडलेली हाडं, शस्त्रक्रियेत बसवलेल्या पट्ट्या, व्रण, गोंदण.

आणि त्याही आधी ‘अंदाजे’ हा शब्द. आपल्या पोलीस ठाण्याच्या फलकावरची नोंद आठवा: ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे 30 ते 35, रंग सावळा, बांधा मध्यम, उंची 5 फूट 1 इंच’. आपण आकडे पाठ करतो आणि ‘अंदाजे’ विसरतो. इंटरनेटवरून अनोळखी मृतांची ओळख शोधणाऱ्या आपल्यासारख्या हौशी लोकांचं सगळ्यात मोठं यश याच शब्दावर उभं आहे, म्हणून ती हकिगत जरा सविस्तर सांगते.

17 मे 1968. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्जटाउनजवळ, हायवे 25 च्या कडेला, विहिरी खोदण्याचं काम करणारा विल्बर रिडल तारांच्या खांबांवरचे जुने काचेचे इन्सुलेटर गोळा करत होता. त्याला हिरव्या ताडपत्रीत दोरीनं बांधलेलं एक प्रेत सापडलं. ओळख पटली नाही, तेव्हा लोकांनी तिला ‘टेंट गर्ल’ म्हणायला सुरुवात केली. पुढे तिच्या थडग्यावर दगड बसवला. त्यावर तिचं चित्र आहे आणि खाली वर्णन कोरलंय: वय अंदाजे 16 ते 19, उंची 5 फूट 1 इंच, लालसर तपकिरी केस. मृत्यूची अंदाजे तारीखसुद्धा, एप्रिलची अखेर ते मेची सुरुवात. अंदाज दगडात कोरला की तो अंदाज वाटेनासा होतो. तीस वर्षं लोक एक अल्पवयीन मुलगी शोधत राहिले.

टॉड मॅथ्यूज हा टेनेसीतल्या एका कारखान्यात काम करणारा तरुण. रिडलच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि ही गोष्ट त्याच्या घरात आली. तो ना पोलीस, ना डॉक्टर. वर्षानुवर्षं तो हेच शोधत होता. मृतदेहाच्या खांद्यापाशी पांढऱ्या कापडाचा एक तुकडा होता, त्यावर तो अडला. हा बाळाचा लंगोट असेल तर? मग ही शाळकरी मुलगी नाही, कुणाची तरी आई आहे. वयाचा आकडा त्यानं बाजूला ठेवला. जानेवारी 1998 मध्ये त्याला इंटरनेटवर एका बहिणीनं टाकलेली चार ओळींची नोंद दिसली: 1967 च्या अखेरीपासून बेपत्ता, शेवटचा ठावठिकाणा लेक्सिंग्टन, केंटकी. लेक्सिंग्टन जॉर्जटाउनच्या जवळच आहे. मार्चमध्ये थडगं उघडलं, डीएनए जुळला. ती बार्बरा अॅन हॅकमन टेलर होती. वय 24, पदरात तान्ही मुलगी. ती दुसऱ्या कुणाबरोबर निघून गेली, असं नवऱ्यानं तिच्या माहेरी सांगितलं होतं.

वय किमान पाच वर्षांनी चुकलेलं, बेपत्ता झाल्याचा काळ आणि दगडावरची तारीख यांत चारेक महिन्यांचं अंतर. तुमच्या शोधाच्या चौकटी कडक ठेवल्या असत्या तर ही जोडी कधीच समोर आली नसती. म्हणून शोधताना वय दोन्ही बाजूंना पाच-सात वर्षं सैल सोडा, उंची दोन-तीन इंच. वजन तर मी बघतच नाही. मात्र जोडी समोर आली की उलटं वागायचं. ती कशी खोटी ठरेल, तेच शोधत बसायचं.

ते सुरू होतं नेमअसमध्ये. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्या नोंदींचा, अमेरिकेच्या न्याय खात्याचा हा डेटाबेस सर्वांना खुला आहे. मी पुण्यातून वापरते. अनोळखी मृतदेहाच्या नोंदीत आधीच बाद ठरलेल्या, म्हणजे हा मृतदेह ज्यांचा नाही हे ठरलंय अशा, बेपत्ता व्यक्तींची यादी असते. 2016 मध्ये एका बेपत्ता माणसावर मी सहा आठवडे घालवले, नकाशे काढले, तारखा जुळवल्या, आणि पाठवल्यावर एका ओळीचं उत्तर आलं: दातांच्या नोंदीवरून पूर्वीच बाद. त्याचं नाव त्या यादीत होतंच, मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं. त्या सहा आठवड्यांत दुसऱ्या कुणाचं तरी काम झालं असतं, ही गोष्ट मला आजही टोचते. अमेरिकेत दरवर्षी सुमारे 4,400 अनोळखी मृतदेह सापडतात आणि त्यातल्या सुमारे 1,000 जणांची ओळख वर्ष उलटूनही पटलेली नसते.

डीएनएवरून वंशावळ काढायच्या पद्धतीबद्दलही तुम्ही विचारलंय. ज्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करायला मदत केलीय, त्यांना ही पद्धत लगेच कळेल. मृताचा डीएनए लोकांनी वंशावळीच्या डेटाबेसमध्ये टाकलेल्या डीएनएशी ताडला की दूरचे चुलत-मावस नातलग सापडतात, तिथून वर पणजोबांपर्यंत जायचं आणि दुसऱ्या फांदीनं खाली उतरायचं. ओहायोत 1981 साली सापडलेल्या ‘बकस्किन गर्ल’ या अनोळखी तरुणीची ओळख डीएनए डो प्रोजेक्ट या अमेरिकी संस्थेच्या स्वयंसेवकांनी 2018 मध्ये अशीच पटवली. 37 वर्षं अडलेलं काम, नातलगांची यादी हाती आल्यावर काही तासांत झालं. पण या वंशावळीच्या डेटाबेसमध्ये युरोपीय वंशाचे लोकच फार. आपल्याकडचा कुणी परदेशात बेवारस गेला तर जवळचा नातलग त्यात सापडणं कठीण. भारतात तर 2019 चं डीएनए विधेयक, ज्यात बेपत्ता आणि अनोळखी मृतांसाठी स्वतंत्र सूची होती, ते 2023 मध्ये मागेच घेतलं गेलं. मला त्याचं वाईट वाटतं. इथे अजूनही हातावर गोंदलेलं नाव हाच अनेकदा पहिला धागा.

आणखी एक. 2001 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका मोटेलमध्ये खोटं नाव लिहून उतरलेला एक तरुण मृतावस्थेत सापडला होता. 2018 मध्ये याच स्वयंसेवकांनी त्याचं खरं नाव शोधलं. कुटुंबाला वाटत होतं, तो कुठेतरी जिवंत आहे, फक्त आपल्याशी बोलत नाही. नाव जाहीर करू नका, असं त्यांनी सांगितलं. शेकडो तास खपलेल्या माणसांनी ते मानलं. नाव त्याच्या घरी पोचलं, काम झालं.

तर आता तुमचं. प्रश्नात टाकलेले दोन्ही फोटो आधी काढून टाका. मग एका पानात लिहा: दोन्ही नोंदींचे क्रमांक, शेवटची दिसल्याची तारीख (तक्रारीची नव्हे, या दोन्हींत कधी कधी वर्षांचं अंतर असतं), ठिकाणांमधलं अंतर, दात, व्रण, आणि वेगळ्या रकान्यात काय जुळत नाही ते. हे पान जाईल नोंदीत दिलेल्या तपास अधिकाऱ्याकडे, किंवा डो नेटवर्क या अनोळखी मृतांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेकडे, तिथे पुढे पाठवण्याआधी जाणकार तपासून घेतात. उत्तराला महिने लागतील, कदाचित येणारही नाही. नोंदींचे क्रमांक मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. बाद ठरलेल्यांची यादी उद्या रात्री दोघी मिळून शेवटच्या नावापर्यंत वाचू.