‘शेरलॉक’ लावण्याआधी

बीबीसीची २०१० ची ‘शेरलॉक’ बघणार असशील तर आधी कॉनन डॉयलची १८९० ची ‘द साइन ऑफ फोर’ वाच, निदान पहिलं प्रकरण तरी. होम्स तिथे वॉटसनचं खिशातलं घड्याळ निरखतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे; म्हणजे आधीचा मालक दारुडा, किल्ली देताना हात थरथरायचा. मालिकेच्या पहिल्याच भागात घड्याळाच्या जागी मोबाइल येतो आणि ओरखडे चार्जिंगच्या खाचेभोवती! मला ती जागा फार आवडते. पुस्तकातला वॉटसनचा भाऊ मात्र लक्षात ठेव, खरी गंमत तिथेच केलीय. ‘एलिमेंटरी’ ही होम्सवरचीच अमेरिकी मालिका नंतर बघ. लूसी ल्यूची वॉटसन छानच आहे, पण भाग १५४ आहेत. आणि ‘शेरलॉक’ला सबटायटल्स लावच, त्यात होम्स झालेला कंबरबॅच फार भराभर बोलतो.