युद्धपट की जुगारावरचे चित्रपट? तुम्हाला काय आवडतं आणि पुढे काय पाहावं?

तुम्ही म्हणताय की 'बॉर्डर' आणि 'कॅसिनो रॉयाल' पाहताना धडधड सारखीच झाली, मग यांतला सरस प्रकार कुठला आणि आता पुढे काय पाहावं. मी दोन्ही प्रकार मनापासून पाहतो आणि दोन्हींना एकच कसोटी लावतो: जिंकल्यानंतर माणसाचं काय होतं, हे चित्रपटात आहे का? शत्रूचं ठाणं पडलं किंवा टेबलावरचे पैसे ओढून घेतले की खेळ खलास, असं मानणारा चित्रपट मी एकदा बघतो आणि विसरतो.

'बॉर्डर'चं उदाहरण घ्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवालाच्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सुमारे १२० जवान होते. समोरून रणगाडे चालून येत होते आणि जैसलमेरला असलेल्या हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांना अंधारात हल्ला करता येत नव्हता. उजाडेपर्यंत तग धरायचा, एवढंच हातात होतं. आणखी काय हवं पटकथेला? प्रत्यक्षात त्या लढाईत आपले दोन जवान गेले. चित्रपटात मात्र एकामागून एक जण धारातीर्थी पडतो. खऱ्या रात्रीत पुरेसं नाट्य असताना रडवण्यासाठी माणसं मारायची गरज नव्हती, हे माझं ठाम मत आहे. चित्रपटाची गाणी आणि वाळवंटाचं चित्रण मला आवडतं, तरीही.

त्यापेक्षा चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) पाहा. १९६२ चा पराभव ताजा असताना, त्याच पराभवावर काढलेला. लडाखच्या बर्फात अडकलेले जवान घरच्यांची आठवण काढत 'होके मजबूर मुझे' गातात. रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार आवाज एका गाण्यात. एकेक कडवं म्हणजे एकेकाचं घर. इथे विजय नाहीच, त्यामुळे आरडाओरडही नाही. आणि नाना पाटेकरांचा 'प्रहार' (१९९१) आपल्याकडे लोक संवादांसाठी लक्षात ठेवतात. नानांनी त्यासाठी मराठा लाइट इन्फंट्रीत प्रशिक्षण घेतलं होतं, ते पूर्वार्धात दिसतं. पण मला तो उत्तरार्धासाठी महत्त्वाचा वाटतो. ओलिसांना सोडवताना जायबंदी झालेला कमांडो घरी परततो आणि त्याची गाठ गल्लीतल्या हप्तेवाल्यांशी पडते. सैनिक परत आल्यावर त्याला कसलं गाव मिळतं, हा प्रश्न इतक्या थेटपणे विचारणारे चित्रपट हिंदीत फार थोडे आहेत.

युद्धपटांत माझा सगळ्यात आवडता मात्र जर्मन आहे, वोल्फगांग पीटरसनचा 'दास बोट' (१९८१). साल १९४१, एक जर्मन पाणबुडी, आणि तिच्यात कोंबलेली पोरंसोरं. सुरुवातीलाच पाटी येते की ४०,००० पाणबुडी सैनिकांपैकी ३०,००० परत आले नाहीत. निघताना आत पाय ठेवायला जागा नसते. पाव, मांस, फळं जिथे जागा मिळेल तिथे टांगलेली. पुढे जिब्राल्टरजवळ पाणबुडी २८० मीटरवर तळाला जाऊन बसते. दाबानं बोल्ट बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात, पाणी आत येतं, आणि सगळे जण वर छताकडे बघत बसतात. शत्रू कुठेच दिसत नाही. ही माणसं नाझी जर्मनीसाठी लढतायत हे आपल्याला पूर्ण माहीत असतं, तरी त्यांनी श्वास रोखला की आपणही रोखतो. बंदरात परतल्यानंतरची शेवटची काही मिनिटं मी इथे सांगणार नाही, पण माझी कसोटी त्याच मिनिटांवरून तयार झाली.

आता जुगार. जेम्स बाँडच्या 'कॅसिनो रॉयाल'मध्ये पोकरच्या शेवटच्या डावात चौघं पानं उघडतात: एकाकडे फ्लश, दोघांकडे फुल हाउस आणि बाँडकडे स्ट्रेट फ्लश. गणपतीच्या जागरणाला रात्रभर तीन पत्ती खेळलेल्या माणसाला इतकी दुर्मीळ पानं एकाच डावात चौघांना येणं पटत नाही. तिथे निम्मे लोक ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता खेळून पॅक होतात, म्हणजे डाव सोडतात, आणि उरलेले साध्या जोडीवर चाल वाढवत नेतात. बाँडपट म्हणून तो झकास आहे, पण जुगाऱ्याचं मन त्यात नाही.

ते मन रॉबर्ट ऑल्टमनच्या 'कॅलिफोर्निया स्प्लिट'मध्ये (१९७४) आहे. लिहिणारा जोसेफ वॉल्श स्वतः जुगाराच्या नादातून गेलेला. कर्जात बुडालेला बिल आणि त्याचा दोस्त चार्ली रीनो या अमेरिकेतल्या कॅसिनोंच्या शहरात जाऊन ८२,००० डॉलर जिंकतात. चार्ली हरखून पैसे मोजतोय, पुढचे बेत आखतोय, आणि बिल गळून गेल्यासारखा बसलाय. खेळताना आतून काही खास वाटतंय असं बिल सांगत होता, पण तसं काही वाटलंच नव्हतं, असं तो आता कबूल करतो. जिंकल्यावरचा हा रितेपणा मला कुठल्याही दिवाळं निघालेल्या माणसाच्या रडण्यापेक्षा जास्त हलवतो. 'अनकट जेम्स'मधला (२०१९) न्यूयॉर्कचा जवाहिऱ्याही याच जातीचा. सावकाराची माणसं दारात उभी, फेडायचे पैसे हातात, आणि तो तेच पैसे बास्केटबॉलच्या सामन्यावर लावतो. कानावर सतत चारचार जणांचं एकदम बोलणं आदळत राहतं. डोकं दुखत असेल त्या दिवशी हा बघू नका.

दोन्ही प्रकार एकत्र हवे असतील तर 'द डिअर हंटर' (१९७८). व्हिएतनामी छावणीत कैद्यांना रशियन रूलेट, म्हणजे एखादीच गोळी भरलेलं पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढायचा खेळ, खेळायला लावतात आणि त्यावर पैजा लावतात. असं घडल्याची नोंद नाही, आणि व्हिएतनामी लोकांचं त्यातलं चित्रण अन्यायकारक आहे, ही टीका मला मान्य आहे. तरी मी तो सुचवतो, कारण त्यातला सैनिक मायकेल युद्धावरून घरी परततो तो प्रसंग. घरावर स्वागताची पाटी, आत वाट बघणारे मित्र. तो टॅक्सीवाल्याला न थांबता पुढे न्यायला सांगतो आणि एकटाच मोटेलात रात्र काढतो.

तर सरस कुठला? नाइलाजानं एक निवडायचा तर मी युद्धपट निवडीन. जुगारी टेबलावरून उठू शकतो, निदान तशी शक्यता तरी असते. पाणबुडीतल्या पोराला ती नसते. सुरुवात 'हकीकत'नं करा, मग 'कॅलिफोर्निया स्प्लिट', आणि 'दास बोट'साठी एक सुट्टीचा दिवस राखून ठेवा. त्याची २०९ मिनिटांची आवृत्ती शोधा, आणि इंग्रजी डबिंग न घेता मूळ जर्मन आवाजात, सबटायटल्स लावून बघा.