पहिला कोणता कायदा बदलाल? चावडीत बसलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आहे: सरकार आणि कायदे सुधारायचे म्हटलं तर नेमकं काय करायला हवं, आणि तुमच्या हातात असतं तर पहिला कोणता कायदा बदलला असता? वर बरीच उत्तरं आली आहेत. कुणाला शिक्षा कडक हव्यात, कुणाला मतदान सक्तीचं हवंय, एकदोघांना आमदार पदवीधर हवेत. पदवीधर साहेब मी नोकरीत भरपूर पाहिले, त्यामुळे त्या शेवटच्या सूचनेवर गप्प बसतो.

मी महसुलात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्यांच्या वरचा साहेब, म्हणून निवृत्त झालो. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र अजून भाऊसाहेबच. माझं उत्तर त्या खुर्चीतून दिसलं तेवढंच आहे. पहिला कायदा मी तुकडेबंदीचा बदलला असता. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातच आलं.

हा कायदा १९४७ सालचा. हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. वाटण्या होत होत जमिनीच्या अशा चिंध्या झाल्या होत्या की बैल वळवायला जागा उरत नव्हती. म्हणून ठरलं की ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायचा नाही, विकायचाच तर लगतच्या खातेदाराला. सोबत एकत्रीकरणाची योजना आली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि त्यात झालेल्या चुका निस्तरताना माझ्या पिढीचे तलाठी म्हातारे झाले. ते असो. अलीकडे, म्हणजे २०२३ मध्ये, राज्याच्या बहुतेक भागात हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं.

आता गंमत बघा. बाप गेला की वारसनोंदीने चार पोरांची नावं सातबाऱ्याला लागतातच, ते कुठलाही कायदा थांबवू शकत नाही. कागदावर जमीन एक, रानात चार बांध. आणि शहरं वाढली. तालुक्याच्या कडेला जे रान होतं तिथे ज्वारी पेरायची कुणाचीच इच्छा उरली नाही. लोकांना घर बांधायला दोन गुंठे हवे होते आणि कायदा त्यांना नांगराच्या गोष्टी सांगत होता.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. फंडाच्या पैशातून दोन गुंठे घेतले होते. प्लास्टिकच्या पिशवीत नोंदणी झालेलं खरेदीखत, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्क भरल्याची पावती, सगळं नीट घडी घालून. तलाठ्याने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद, धरला होता, प्रमाणित करायचा माझ्याकडे आला. मी त्यावर लिहिलं, "तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार, सबब नोंद रद्द." दुसरं काही लिहिण्याचा मला अधिकारच नव्हता. ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, तिकडं सरकारनं पैसे घेतले ना माझ्याकडून?"

"घेतले."

"मग तिकडचं सरकार वेगळं आणि तुमचं वेगळं का?"

मी त्यांना सांगितलं की दुय्यम निबंधक फक्त दस्त नोंदवतो, मालकी तपासणं त्याचं काम नाही. उत्तर कायद्याने बरोबर होतं. पण नोंदणी विभाग आणि आम्ही, दोन्ही एकाच महसूल खात्याखाली. म्हणजे एकाच दुकानाच्या एका खिडकीवर पैसे घेतले आणि दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की हा माल आम्ही विकतच नाही. किराणा दुकानदाराने असं केलं तर आपण त्याला काय म्हणू?

लोक हुशार असतात, त्यांनी वाट काढली. दहा-अकरा गुंठ्यांचा एक तुकडा घ्यायचा, पाच-सहा अनोळखी माणसांनी मिळून, एकाच खरेदीखतावर. कायदा खूश, कारण क्षेत्र भरतं. सातबाऱ्यावर सहा नावं सामाईक. मग एकाला कर्ज हवं असतं, बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा. एकजण वारतो, त्याचे पाच वारस लागतात. एकाचं बायकोशी पटत नाही, प्रकरण कोर्टात जातं. दहा वर्षांनी त्या सातबाऱ्याची पोथी झालेली असते. अशा पोथ्या मी स्वतः वाढवल्यात. काहींनी त्याहून सोपं केलं: नुसतं साठेखत, नुसतं कुलमुखत्यारपत्र, वर नोटरीचा शिक्का, आणि देवावर हवाला.

मग सरकारला जाग आली. २०१७ मध्ये दुरुस्ती करून सांगितलं की झालेले व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करता येतील. कंडक्टरसाहेबांनी ते पेपरात वाचलं, मुदतठेव मोडली, पैसे भरले आणि नाव लावून घेतलं. त्या दिवशी त्यांनी चावडीत पेढे वाटले. पुढे २०२१ मध्ये परिपत्रक निघालं की असले दस्त नोंदवायचेच नाहीत. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२४ मध्ये पंचवीसचे पाच टक्के झाले. आणि २०२५ च्या अखेरीस अध्यादेश आला, त्यात शहरी पट्ट्यातल्या जुन्या व्यवहारांना शुल्कच माफ.

गुंठेवारीचं, म्हणजे रानात गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांचं, तेच. २००१ सालच्या कायद्यात १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट नियमित होणार होते. २०२१ मध्ये ती तारीख पुढे सरकून ३१ डिसेंबर २०२० झाली. वीस वर्षांत लोकांनी काय धडा घेतला असेल, तो सांगायला तलाठी लागत नाही. तारीख सरकते. थांबा. भरू नका.

म्हणून शिक्षा कडक करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तुकडेबंदीतला व्यवहार मुळातच बेकायदेशीर ठरत होता, नोंद होत नव्हती, याहून कडक काय करणार? तरी लाखो लोकांनी ते व्यवहार केले, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. पाळताच येणार नाही असा कायदा केला की चार गोष्टी होतात: सामान्य माणूस गुन्हेगार होतो, एजंट जन्माला येतो, माझ्यासारख्याच्या सहीला किंमत येते, आणि जो नियमाने पैसे भरतो तो मूर्ख ठरतो. त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल खात्यातल्या लोकांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसू नये.

मला काय हवंय, तर प्रत्येक कायद्याच्या शेवटी एक कलम. पाच वर्षांनी संबंधित खात्याने विधिमंडळासमोर कागद ठेवायचा: या कायद्याखाली किती नोंदी नाकारल्या, किती अपिलं झाली, किती वेळा सूट दिली, किती वेळा मुदत वाढवली. तीनदा माफी द्यावी लागली असेल तर चूक लोकांची नाही, कायद्याची आहे, असं धरून चालायचं. हे काही परदेशातून आणायला नको. मुदतीचे कायदे आपण केलेत. १९८७ चा टाडा, दहशतवादाविरुद्धचा कायदा, दोन वर्षांच्या मुदतीचा होता, वाढवत वाढवत नेला आणि १९९५ मध्ये संपला. माणसाला आत टाकायच्या कायद्याला मुदत घालता येते, तर गुंठ्याच्या कायद्याला का नाही? केंद्राने गेल्या दहा-अकरा वर्षांत दीड हजारावर कालबाह्य कायदे मोडीत काढले, चांगलं केलं. पण ते बहुतेक मेलेलेच होते. मला जिवंत कायद्यांची तपासणी हवी आहे.

दुसरं, आधी करून बघा, मग कायदा करा. आपल्याच राज्यात ते झालंय. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी रोजगार हमीची कल्पना आधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर वापरली गेली. कायदा त्यानंतर झाला, १९७७ मध्ये, आणि तो लागू झाला १९७९ मध्ये. पैसा कुठून आणायचा तेही आधी ठरवलं, व्यवसाय कर बसवून. नोकरदारांनी आपली पगाराची चिठ्ठी काढून बघावी, ते महिन्याचे २०० आणि फेब्रुवारीतले ३०० रुपये त्याच कराचे आहेत. आधी गाव, मग पैसा, मग कलम. हल्ली उलटं चालतं. आधी घोषणा, मग अध्यादेश, मग तलाठ्याला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत रांग.

तिसरं, नियम कायद्याबरोबरच आणा. इथे एक किस्सा सांगायलाच हवा. आपल्याकडे विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. लांबलचक नाव आहे त्याचं, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध, २००५. त्यात लिहिलंय की फाइल कुणाही एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाचे सात दिवस ओलांडून पडता कामा नये. हा कायदा २००६ मध्ये अमलात आला आणि त्याचे नियम आले २०१३ मध्ये. विलंब रोखण्याच्या कायद्याचे नियम यायला सात वर्षं! एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "नशीब समज, आले."

अपिलांबद्दल थोडक्यात. एका फेरफाराच्या वादात प्रांत, मग अपर जिल्हाधिकारी, मग आयुक्त, मग मंत्रालय. एवढ्या पायऱ्या पंढरीच्या वारीला सुद्धा नाहीत. दोन पुरेत, आणि तिसरी हवी असेल तर दिवाणी कोर्ट आहेच. निवडून आलेल्या मंत्र्याने दोन भावांच्या बांधाची सुनावणी का घ्यावी, हे मला नोकरीभर कळलं नाही.

आता ज्याच्यावर इथे कुणीच लिहिलं नाही ती गोष्ट, आणि यात माझी स्वतःची कबुली आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा बऱ्यापैकी चांगला आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा द्यायची, नाकारली तर कारण लेखी द्यायचं, दोन अपिलं खात्यात, तिसरं आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कागदावर उत्तम. पण घड्याळ सुरू होतं अर्ज दाखल झाल्यावर. आणि चावडीत, तहसिलीत, सगळीकडे एक वाक्य आहे: "ठेवून जा, बघतो." ते वाक्य मीही शेकडो वेळा म्हटलंय. लबाडीने नव्हे. तीन गावांचा पदभार, समोर पंचनाम्याची घाई, साहेबांचा दौरा, आणि अर्ज आवक नोंदवहीत घेतला की आपल्याच गळ्यात दिवस मोजायचं लोढणं. न घेतलेला अर्ज उशिरा होत नाही. अख्खा कायदा त्या एका वाक्याने निकामी होतो आणि कुठल्याच अहवालात ते दिसत नाही, कारण नोंदच नाही.

त्यामुळे कुणी मला विचारलं की सेवा हक्क कायद्यात एक ओळ घाला, तर मी दंड वाढवणार नाही. अर्ज घेतल्याची पोच न देणं हाच स्वतंत्र दोष धरा, एवढंच घालीन. ऑनलाइन अर्जाला पोच आपोआप मिळते हे खरं, आणि त्याने खूप फरक पडला आहे. पण तिथेही "त्रुटी" नावाचं बटण आहे. विसाव्या दिवशी त्रुटी काढली की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनात. त्रुटी एकदाच काढता यावी, पहिल्या पाच दिवसांत, आणि सगळ्या एकदम. मी हे एका बैठकीत बोललो होतो. सगळ्यांनी मान डोलावली, मग चहा आला.

मराठीबद्दलही एक. कायद्याची मराठी सुधारा म्हणणारे इंग्रजी शब्द काढायच्या मागे लागतात. इंग्रजी शब्द त्रास देत नाहीत, इंडेक्स टू कुणालाही कळतं. त्रास देतं ते "उपरोक्त पोटकलमातील तरतुदींस बाध न येता". माझ्या समोरच्या शेतकऱ्याला नोटीस वाचून एवढंच कळलं पाहिजे की कुठे, कधी, काय घेऊन यायचं आणि न आल्यास काय होईल. नोटीस लिहिणाऱ्याने ती आधी आपल्या आईला वाचून दाखवावी.

मूळ प्रश्नकर्त्याने विचारलंय की सामान्य माणूस यात काय करू शकतो. एक साधी वाट आहे. नियमांचा मसुदा येतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात, बहुतेक वेळा तीस दिवस असतात. तेव्हा तत्त्वज्ञान लिहू नका. एक पान लिहा: माझा गट नंबर हा, या नियमाने माझं हे काम असं अडेल. कारकुनाला असं पान बाजूला ठेवता येत नाही, त्यावर टिपणी लिहावीच लागते.

कंडक्टरसाहेब परवा घरी आले होते. हातात तुकडेबंदीच्या अध्यादेशाची बातमी असलेला जुना पेपर, घडी घातलेला, बातमीभोवती लाल पेनाने चौकोन. म्हणाले, "आता फुकट झालंय म्हणे. मी भरलेत तेवढे पंचवीस टक्के परत मिळतील का?" मी चहा पुढे केला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, फक्त म्हणाले, "अर्ज कुणाच्या नावानं करायचा तेवढं सांगा." मी अर्ज लिहून दिला, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका, एवढं मात्र दोनदा बजावलं.