180 वॅटचा एलईडी बार पिकअपवर: वायर, रिले आणि बसवायची जागा

तुमचे प्रश्न दोन आहेत: 180 वॅटचा बार बॅटरीवरून थेट डॅशबोर्डवरच्या स्विचने चालवावा का, आणि तो छतावर लावावा की बंपरवर. पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचं गाडीवर अवलंबून आहे, पण बहुतेक पिकअपना बंपरच बरा.

आधी करंटचा हिशेब. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.4 व्होल्ट असतात. 180 ला 13.5 ने भागलं की 13.3 अँपिअर येतात. खोक्यावरचे वॅट बऱ्याचदा फुगवलेले असतात, म्हणून बसवण्याआधी डीसी क्लॅम्प मीटरने खरा करंट मोजून घ्या. डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून एवढा करंट सतत गेला की कॉन्टॅक्ट जळतात आणि प्लास्टिक वितळायला लागतं. त्यासाठीच रिले हवा, म्हणजे स्विचच्या छोट्या करंटने आतली कॉइल चालवून मोठा करंट जोडणारा-तोडणारा डबा: 12 व्होल्ट, 40 अँपिअर, चार पिनचा. पिनांवर नंबर असतात: 30 वर बॅटरीचा पॉझिटिव्ह, 87 वरून बार, 85 ला अर्थ (निगेटिव्ह बाजू, म्हणजे चेसिस) आणि 86 वर स्विचची वायर. कॉइल जेमतेम 0.2 अँपिअर घेते, त्यामुळे स्विचला 1 स्क्वेअर एमएमची वायर पुरते. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या रिलेत 85 आणि 86 ची अदलाबदल झाली तर स्विच दाबताच शॉर्ट होतो. पाच पिनचा रिले मिळाला तर 87ए रिकामी ठेवा; तिथे बार जोडलात तर स्विच बंद असताना बार पेटलेला राहील.

फ्यूजच्या जागेत सगळ्यात जास्त चुका होतात. फ्यूज बारसाठी नसतो, वायरसाठी असतो. तो रिलेजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा वायरचा तुकडा उघडाच राहिला. तो तुकडा बॉडीच्या कडेला घासून सोलला गेला की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि आग लागते. म्हणून 20 अँपिअरचा फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून 15–20 सेंमीच्या आत हवा, आणि होल्डर झाकणाचा, पाणी न शिरणारा.

वायर 4 स्क्वेअर एमएमची, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण रेझिस्टन्स जास्त असतो आणि क्रिंपच्या (पक्कडीने दाबून केलेल्या जोडाच्या) ठिकाणी तुटते. बॅटरीपासून बारपर्यंत 4 मीटर वायर लागली तर 13 अँपिअरला 4 स्क्वेअर एमएममध्ये 0.23 व्होल्ट वायरमध्येच वाया जातात, 1 स्क्वेअर एमएममध्ये 0.9 व्होल्ट, आणि हे फक्त पॉझिटिव्ह बाजूला. चांगल्या बारमधला ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) व्होल्टेज कमी मिळालं की करंट जास्त ओढतो. त्यामुळे प्रकाश तेवढाच दिसतो, गरम मात्र वायर होत राहते. प्रकाश कमी झाला नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे, असं धरून चालू नका.

अर्थ हलक्यात घेऊ नका. बार लुकलुकत असेल किंवा मंद असेल तर दोष बहुधा इथेच सापडतो. चेसिसवर रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, क्रिंप केलेला लग (वायरच्या टोकाची भोकाची पट्टी) दातेरी वॉशरसह बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस लावा. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असेल तर बारची अर्थ थेट त्या टर्मिनलला देऊ नका, चेसिसलाच द्या. नाहीतर सेन्सरच्या नजरेतून हा करंट सुटतो आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. वायर पिळून टेप गुंडाळण्याची पद्धत इथे चालत नाही. क्रिंप करा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) वापरा.

स्विचचा फीड हेडलाइटच्या अप्परच्या (हाय बीमच्या) वायरवरून घ्या, म्हणजे डिप्परवर (लो बीमवर) येताच बारही विझतो. 180 वॅटचा बार समोरच्या ड्रायव्हरला काही सेकंद पूर्ण आंधळं करतो, आणि अनेक ठिकाणी सार्वजनिक रस्त्यावर असा बार पेटवायला बंदीच आहे. तुमच्याकडचा नियम बसवण्याआधी बघा. काही नव्या गाड्यांत हेडलाइटला सलग व्होल्टेज न जाता पल्स जातात. अशा वायरवर रिले जोडला की तो टकटक करत राहतो. तिथे त्या गाडीसाठी बनलेलं ट्रिगर मॉड्यूलच लागतं.

आता जागा. छतावरचा बार लांबवर प्रकाश टाकतो, पण बोनेटवर पडलेला प्रकाश उलटून डोळ्यांत येतो. धूळ, पाऊस, धुकं असेल तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. शिवाय बारच्या फिन्समधून (उष्णता सोडणाऱ्या पात्यांमधून) वारा शिट्टी वाजवतो. कडांना रबर पट्टी लावली की आवाज बराच कमी होतो. बंपरवर हा त्रास नाही, मात्र रेडिएटरची हवा, पार्किंग सेन्सर आणि पुढचा रडार असेल तर तो झाकला जाणार नाही एवढं पाहा. ब्रॅकेटला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) लावा. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या बारला थेट भिडला तर ओलाव्यात पांढरा गंज धरतो. मध्ये नायलॉन वॉशर ठेवा.

बारचा कोन हौद्यात नेहमीचा लोड असताना ठरवा. मागचे पाटे दबले की गाडीचं तोंड वर होतं, आणि रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला बार भरल्या गाडीत झाडांच्या शेंड्यांवर प्रकाश टाकतो. सपाट जागेवर, भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा, भिंतीवर बारच्या मध्याची उंची खडूने आखा आणि सर्वात तेजस्वी ठिपका त्या रेषेच्या थोडा खाली आणा. मगच बोल्ट पक्के आवळा.

शेवटी इंजिन चालू ठेवून बार 20 मिनिटं पेटवा. बॅटरीवर आणि बारच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर जोड तपासा. फ्यूज होल्डरला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका बसत असेल तर आतला कॉन्टॅक्ट सैल आहे आणि होल्डर बदलायलाच हवा. बार लावताच एफएमवर खरखर आली तर ती बारमधल्या ड्रायव्हरमुळे असते. बारच्या अगदी जवळ वायरवर फेराइट क्लिप (खरखर अडवणारी चिमटीसारखी कडी) लावा आणि वायर अँटेनाच्या केबलपासून लांबून न्या.